चौथ्या तासानंतर

गाड्यांच्या कारखान्यात त्याला सगळे कानसेन म्हणत. हजेरीपटावर त्याचं रीतसर नाव होतं, पण ते वाचायची वेळ फारशी कुणावर यायची नाही. कारखान्याच्या मागच्या अंगाला, रंगकामाच्या इमारतीपलीकडे, चाचणी विभागाची लांबलचक पत्र्याची शेड होती. तिथे सत्तावीस वर्षं तो एकच काम करत आला होता. नवी गाडी बाजारात येण्याआधी ती लांब पल्ल्याला चालवून बघायची. सकाळी सहाला निघायचं, द्रुतगती मार्गाला लागायचं, तीनशे दहा किलोमीटरवरच्या पुलावरून गाडी वळवायची आणि तेवढंच अंतर परत यायचं. रोजचे सहाशे वीस. वाटेत तेल भरायला पाच मिनिटं, बाकी थांबायचं नाही. डबासुद्धा स्टीअरिंगवरच उघडायचा.

गाडीत माणसांच्या जागी वाळूच्या गोण्या असत. एकेक गोणी पासष्ट किलोची, प्रत्येकीला सीटबेल्ट लावलेला. पहिली काही वर्षं त्याला त्यांच्याकडे आरशात बघून हसू यायचं, मग सवय झाली. कधी कंटाळा आला तर तो त्यांच्याशी बोलायचा. "काय मंडळी, एसी वाढवू का?" असं विचारायचा. बायको म्हणायची, "अहो, एक गोणी कमी करा नि मला बसवा. वजन तेवढंच भरेल." पण ते नियमात बसत नव्हतं. ती एका दातांच्या दवाखान्यात नंबर लावून द्यायचं काम करायची. दिवसभर मशीनची घरघर ऐकून तिचं डोकं उठायचं आणि संध्याकाळी दोघं घरी आले की तासभर कुणीच बोलायचं नाही. मुलगी लहान असताना म्हणायची, आमच्या घरात संध्याकाळी कर्फ्यू असतो.

कानसेनचा कान मात्र खरंच तयार होता. मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गुणगुणतंय असं तो म्हणाला आणि इंजिनीअरांनी खोलून बघितलं तर आत केसाएवढा ओरखडा सापडायचा. एकदा एका गाडीत कुठून तरी टकटक यायची. तीन आठवडे लोकांनी निम्मी गाडी उसवून काढली. कानसेन पुढच्या दाराला कान लावून बसला आणि म्हणाला, "आत पेन आहे." दाराचा पत्रा काढला तर जोडणी करणाऱ्या कुणा कारागिराचं निळं पेन खरोखर आत पडलेलं. आवाजापेक्षाही त्याला गाडी कळायची ती बसल्या जागेवरून, कमरेतून आणि तळव्यांतून. गाडी दमली की मला आधी कळतं, मग तिला, असं तो म्हणायचा.

त्याच्या विभागाचा साहेब हा त्याच्याच हाताखालून गेलेला. अठरा वर्षांपूर्वी शिकाऊ इंजिनीअर म्हणून आला, पहिल्याच दिवशी तिसऱ्या तासाला गाडीतच ओकला. कानसेनने गाडी स्वच्छ केली, शेडमध्ये कुणाला पत्ता लागू दिला नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा शेजारी बसवलं. डोळे मिटून वेग सांगायला त्यानेच शिकवलं. साहेब झाल्यावरही तो त्याला काकाच म्हणायचा.

तर त्या वर्षी विभागात एक नवी गाडी आली. सात सीटची, उंच, पोटात भरपूर जागा. एखाद्या लग्नघरातली लठ्ठ, प्रेमळ मावशी सगळी पोरं मांडीवर घेऊन बसावी तशी ती दिसायची, म्हणून ड्रायव्हर लोकांनी तिचं नाव मावशी ठेवलं. कानसेनला ती आवडली. सीट चांगली होती, आवाज कमी होता. पहिले दहा दिवस त्याने तिची एकही तक्रार लिहिली नाही.

अकराव्या दिवशी पूर्ण भार होता. सहा गोण्या, डिकीत सामानाच्या पेट्या, टपावर आणखी दोन. बाहेर ऊन मी म्हणत होतं. परतीच्या वाटेवर, साधारण तीनशे ऐंशी किलोमीटर झाले असताना, एक खिंड लागते. खिंड संपली की रस्ता उताराला लागून डावीकडे वळतो आणि तिथे बाजूने वारा अंगावर येतो. काट्यावर एकशे चार होते. उजवीकडून एक बस पुढे गेली, तिच्या हवेचा धक्का बसला आणि मावशीची मागची बाजू हातभर सरकली. मग उलट्या दिशेला. मग पुन्हा. तीन झोके. कानसेनने ब्रेकला पाय लावला नाही, स्टीअरिंग ओढलं नाही, नुसता पाय हलका केला, म्हणून ती सावरली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्याचे तळहात घामाने ओले झाले.

पुढे चार दिवस त्याने तेच करून बघितलं. सकाळी ताज्या गाडीला कितीही वारा लागो, ती ढिम्म हलायची नाही. दुसऱ्या तासाला नाही, तिसऱ्यालाही नाही. चौथा तास उलटला की मात्र हमखास झुलायची. शेडमध्ये परतल्यावर त्याने वाकून मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरला हात लावला तर बोटाला फोड आला. भार आणि उन्हाने त्यातलं तेल तापून पातळ होत होतं आणि धक्का जिरवायची ताकदच संपत होती. त्याने चाचणीच्या फॉर्मवर शेवटच्या रकान्यात लिहिलं: "चौथ्या तासानंतर, पूर्ण भाराने, शंभरच्या पुढे बाजूचा वारा लागल्यास मागची बाजू झुलते. तीन झोके. सामान्य चालक घाबरून ब्रेक दाबेल. मग सावरणार नाही."

साहेबाने त्याला आपल्या खोलीत बोलावलं. खोली लहानच, खिडकीत चाचणीच्या मार्गाचा नकाशा, टेबलावर मावशीची जाहिरात पसरलेली. गाडी बाजारात यायला सहा आठवडे उरले होते.

"काका, ट्रॅकवर घेतली आम्ही. तासभर पळवली. मशीन म्हणतं काही नाही."

"तासभर पळवून काय कळणार? चार तास पळवा."

"पैलवानालाही पाठवलं होतं तुमच्याच रस्त्यावर. पूर्ण भार, पूर्ण पल्ला. तो म्हणतो, लोण्यासारखी चालते."

पैलवान म्हणजे विभागातला दुसरा ड्रायव्हर. तिशीचा, दंडाने दांडगा, कामाला प्रामाणिक. तो खोटं बोलणार नाही हे कानसेनला ठाऊक होतं.

साहेबाने चष्मा काढून पुसला. "काका, रागावू नका. तुमचं वय आता चोपन्न. चौथ्या तासाला गाडी दमते की..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. "मी तुमच्यासाठी डॉक्टरांशी बोलतो. कंबर, कान, नजर, सगळं एकदा तपासून घेऊ. तोवर लांबच्या रस्त्यावर पैलवान जाईल. तुम्ही शेडमध्ये बसा, पोरांना शिकवा."

तो धाक घालत नव्हता. खरोखर काळजीने बोलत होता आणि नेमकं तेच कानसेनच्या जिव्हारी लागलं. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये उभ्याउभ्या तो स्वतःच्या कमरेकडे लक्ष देत राहिला. दुखत होती. गेली तीन वर्षं चौथ्या तासाला दुखायचीच. डाव्या पायाला मुंग्याही यायच्या, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. झोका गाडीला येतो की मला, असा प्रश्न त्याच्या डोक्यात शिरला तो निघेचना. ज्या अंगावर सत्तावीस वर्षं भरवसा ठेवला, त्याच अंगाची आता उलटतपासणी चालू झाली.

बायकोला त्याने सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं गाडीच झुलते."

"मग तसंच लिहा की."

"आणि तपासणीत माझंच काही निघालं तर? शेडमध्ये स्टूल टाकून बसवतील. चहा पाजायला."

तिने एक किडकी शेंग बाजूला टाकली. मग म्हणाली, "मी रोज चाळीस जणांना सांगते, दुखणार नाही म्हणून. दुखतं. पण ते माझ्यावर विसंबून दार उघडून आत जातात." तिला काय सुचवायचं होतं हे तिलाही नीट ठाऊक नसावं. त्याने मात्र त्यातून आपल्याला हवं ते उचललं: एवढं खोटं चालतं.

सोमवारी त्याने नवा फॉर्म मागून घेतला. शेहेचाळीस रकाने पुन्हा भरले आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द लिहिला, समाधानकारक. खाली सही केली. साहेबाने जुना फॉर्म त्याच्यासमोर फाडला नाही की काही नाही, नुसता ड्रॉवरमध्ये सरकवला. "थँक्यू काका," म्हणाला. डॉक्टरचा विषय पुन्हा निघाला नाही.

पंधरा दिवसांनी जावयाचा फोन आला. मुलगी आणि जावई दुसऱ्या शहरात राहायचे, दोन लहान मुलं होती. जावई खुशीत होता. "पपा, आम्ही तीच गाडी बुक करतोय. तुम्ही पास केलेली. तुमच्या मुलीचाच हट्ट आहे."

कानसेनने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "नको. तिचा रंग टिकत नाही. दुसरी बघा."

"रंग?"

"हो. वर्षभरात पापुद्रे निघतात. ऐका माझं."

फोन ठेवल्यावर त्याने मागे वळून बघितलं. बायको दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. त्या रात्री ती त्याच्याकडे पाठ करून झोपली.

मावशी बाजारात आली आणि धडाक्यात खपली. जिकडेतिकडे दिसू लागली. शाळांसमोर, बाजारात, टपावर सामान बांधून सुट्टीला निघालेली. कानसेन रोज सहाशे वीस किलोमीटर दुसऱ्या कुठल्याशा गाडीतून जायचा आणि रस्त्यावर मावशी दिसली की आत किती माणसं आहेत ते मोजायचा. दोघं असली की हायसं वाटायचं. सहा-सात डोकी दिसली की तो तिच्या मागे मागे जात राहायचा, ती खिंड पार होईपर्यंत. आपण मागे राहून काय करणार आहोत, हे त्याला सांगता आलं नसतं.

अकरा महिने गेले. मग एका दुपारी कॅन्टीनमध्ये कुणीतरी पेपर टेबलावर टाकला. खिंडीच्या खालच्या वळणावर मावशी दुभाजकाला धडकून उलटली होती. एक कुटुंब डिकीत आणि टपावर सामान भरून सुट्टीहून परतत होतं. गाडी चालवणारा तरुण आणि त्याची आई जागच्या जागी गेली. बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा वाचले. शंभरची मर्यादा असताना वेग एकशे बारा होता, चालकाचं नियंत्रण सुटलं, असं पोलिसांनी म्हटलं होतं. बातमीच्या शेवटी त्या बायकोचे दोन शब्द होते. गाडी पाळण्यासारखी हलली, तीनदा हलली, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती म्हणे.

कानसेनने हातातला घास ताटात ठेवला.

समोर पैलवान बसला होता. त्यानेही वाचलं. बऱ्याच वेळाने तो खाली मान घालून म्हणाला, "तुम्हाला एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मावशी नेली ना मी, तेव्हा पोट बिघडलं होतं माझं. पुलाजवळच्या विश्रांती थांब्यावर पाऊण तास अडकलो. फॉर्मवर नाही लिहिलं. नियमात बसत नाही ना थांबणं."

पाऊण तासात शॉकमधलं तेल थंड झालं होतं. बस्स, एवढंच घडलं होतं. कानसेनची कंबर शाबूत होती, कान शाबूत होता, मुंग्या येणारा पायसुद्धा खरंच सांगत होता. साऱ्या जगात एक माणूस बरोबर होता आणि त्याने स्वतःच्या हाताने ते खोडून टाकलं होतं.

तो साहेबाकडे गेला. साहेबाचा चेहराही उतरलेला होता. "चौकशी झालीय काका. एकशे बारा होता तो. बाराने जास्त."

"मी एकशे चारला झुललो होतो."

"तसं कागदावर नाही." साहेब हे हळूच म्हणाला. मग खिडकीकडे बघत राहिला. "कागदावर समाधानकारक आहे."

"जुना फॉर्म तुमच्या ड्रॉवरमध्ये असेल."

साहेबाने ड्रॉवर उघडला नाही.

एक गोष्ट कानसेनच्या घरी होती. तो रोज खिशात छोटी डायरी बाळगायचा, त्यात स्वतःपुरत्या नोंदी करायचा. त्या पाच दिवसांच्या नोंदी तिच्यात होत्या. तारीख, तास, वेग, झोके. ती डायरी आणि नव्या फॉर्मची आपल्याजवळची प्रत घेऊन तो अपघातातून वाचलेल्या त्या बाईला शोधत गेला. शोधायला फार त्रास पडला नाही, पण जायला आठ महिने लागले. दर रविवारी कपडे करायचा, बूट घालायचा आणि दारातच बसून राहायचा. शेवटी बायको म्हणाली, "जा, नाहीतर बूट तरी काढा."

ती बाई एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. हा गिऱ्हाइकासारखा आत गेला. तिने समोर बसवलं, नाकावर रिकामी फ्रेम ठेवली आणि विचारलं, "आधीचा नंबर काय?"

"मी चष्म्यासाठी नाही आलो," तो म्हणाला. "ती गाडी बाजारात यायच्या आधी मी तपासली होती."

तिने ती फ्रेम त्याच्या नाकावरून सावकाश काढून घेतली. दुपारी दुकान बंद झाल्यावर ती त्याला मागच्या खोलीत घेऊन गेली. तिथे काचा घासायचं मशीन होतं, दोन स्टुलं होती, खिडकी नव्हती. त्याने एका दमात सगळं सांगितलं. खिंड, वारा, फोड आलेलं बोट, फॉर्म, तो एक शब्द. ती डायरीची पानं उलटत ऐकत होती.

"तीन झोके," तिने वाचलं. "मी सांगत होते सगळ्यांना. सगळे म्हणाले, डोक्याला मार लागलाय."

"तुमचं बरोबर होतं."

"माझा मुलगा विचारायचा, बाबा फार जोरात चालवत होते का. मी काय सांगणार? पोलीस म्हणत होते, घरचे म्हणत होते. मी हो म्हणाले. त्यानं ते मान्य केलं. आता तो बाबांचं नाव काढत नाही." तिचा आवाज चढला नाही. "हे सांगायला तुम्ही तेव्हा यायला हवं होतं. पहिल्या आठवड्यात. मी त्याला हो म्हणायच्या आधी."

कानसेनने मान हलवली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुमच्या घरात कुणी घेतली ही गाडी?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. "मुलगी घेणार होती. मी नको म्हटलं."

तिने डायरी मिटली. मग उठून म्हणाली, "माझ्या सासऱ्यांना सांगा हे. माझ्यासमोर सांगा. त्यांनी त्यांच्या मुलाचा फोटोसुद्धा घरात लावलेला नाही."

सासरे दोन गल्ल्यांपलीकडे राहत होते. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासत आलेला माणूस. घरात भिंतभर पुस्तकं होती आणि एकच फोटो, त्यांच्या बायकोचा. शेजारी मोकळी जागा होती. त्यांनी कानसेनला बसायला सांगितलं, चष्मा लावला, आधी डायरी वाचली, मग त्याने आणलेली नव्या फॉर्मची प्रत वाचली. दोन्ही खिडकीशी नेऊन पुन्हा वाचली.

"खोटं तेव्हा लिहिलंत की आता सांगताय?"

"तेव्हा लिहिलं."

"अक्षर दोन्हीकडे अगदी सारखं आहे," म्हातारा म्हणाला. "मी चाळीस वर्षं अक्षरं बघितलीत. माणूस बिचकला की अक्षर बिचकतं. तुमचं एवढंसुद्धा हललेलं नाही."

"बाबा," सून म्हणाली, "तुमच्या मुलाची चूक नव्हती. ऐकलंत ना? त्यांनी गाडी नीट चालवली."

"एकशे बारा होता," म्हातारा म्हणाला. "तेही ह्या कागदांइतकंच खरं आहे. मी किती वेळा सांगितलं होतं त्याला, हळू चालव, मागे आई आहे." त्यांनी डायरी खाली ठेवली. "आठ महिने होत आले, मी त्याला शिव्या देतोय. सकाळी उठलो की देतो. त्यावर मी उभा आहे. आता तुम्ही म्हणता, त्या शिव्या काढून घ्या आणि मला द्या. मला नाही जमणार. मला तेवढं बळ नाही."

त्यांनी फॉर्मची नीट घडी घालून ती डायरीत ठेवली, डायरी परत केली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. सून तिथेच उभी राहिली, त्या मोकळ्या जागेकडे बघत. कानसेन केव्हा बाहेर पडला हे तिच्या लक्षातही आलं नसावं.

तिने तक्रार केली. डायरी तिच्याकडेच राहिली. वाहतूक खात्याच्या एका कचेरीत सुनावणी लागली, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, पंख्याखाली फडफडणारे कागद. कारखान्याचा वकील सभ्य माणूस होता. त्याने डायरी हातात घेतली आणि विचारलं, यावर कुठला शिक्का आहे का? नव्हता. मग फॉर्म पुढे केला. "ही सही तुमची?"

"माझी."

"कुणी जबरदस्ती केली होती?"

कानसेनने साहेबाकडे बघितलं. साहेब मागच्या खुर्चीवर बसला होता, चष्मा पुसत. त्याने खरंच जबरदस्ती केली नव्हती. "नाही," कानसेन म्हणाला, "कुणीच केली नाही." पैलवानाला बोलावलं होतं, पण तो आला नाही. त्याचं घर त्या नोकरीवरच चालत होतं. अर्ज फेटाळला गेला. जिन्यात ती बाई त्याच्याजवळून गेली. त्याला वाटलं, ती काहीतरी कठोर बोलेल आणि ते ऐकायला तो थांबलाही. ती नुसती म्हणाली, "मुलाच्या शाळेची वेळ झाली," आणि उतरून गेली.

त्याच वर्षी मावशीची नवी आवृत्ती आली. जाहिरातीत लिहिलं होतं, आता अधिक स्थिर. कानसेनने शेडमध्ये वाकून बघितलं. मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलले होते, जाड आणि चांगले. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. आधी विकलेल्या गाड्या मात्र तशाच फिरत होत्या, हजारोंनी. महिन्याभरात कानसेनला मुदतीआधी निवृत्ती दिली. निरोपाला साहेब बोलायला उभा राहिला आणि दोन वाक्यांत बसला.

आता तो दर शनिवार-रविवार पुलाजवळच्या विश्रांती थांब्यावर जातो. बसने जातो, सकाळी लवकर निघतो. तिथे गाड्या लावायला मोठं मैदान आहे, एक उपाहारगृह आहे, स्वच्छतागृहांची रांग आहे. जुनी मावशी आत आली की हा उठतो, जवळ जातो. टपावर सामान आहे का बघतो, माणसं मोजतो.

"साहेब, किती तास झाले निघून?"

"का हो?"

"अर्धा तास थांबा. गाडीचे मागचे शॉक थंड होऊ द्या. टपावरचं सामान आत घ्या. पुढे खिंडीच्या खाली वारा असतो. गाडी हलली तर ब्रेक दाबू नका, नुसता पाय उचला."

लोक आधी ऐकतात. मग बायका मुलांना जवळ ओढतात. कुणी काच वर करतो. कुणी म्हणतो, "काका, कंपनीनं तपासलेली गाडी आहे." त्यावर कानसेन खरं ते सांगतो आणि मग ते हसतात किंवा घाबरतात, पण थांबत कुणीच नाही. तिथला रखवालदार आधी हाकलायचा. आता त्याला सवय झालीय. तो फक्त म्हणतो, "गिऱ्हाइकांच्या अंगाला हात लावू नका."

मुलीने फोनवर आईला सांगितलं, पपांना डॉक्टरकडे ने. आईने नेलं नाही. काही महिन्यांपासून ती स्वतःच त्याच्याबरोबर जाऊ लागली आहे. थर्मासमध्ये चहा घेते, उपाहारगृहाबाहेरच्या बाकावर बसते आणि त्याला एका गाडीकडून दुसरीकडे जाताना बघत राहते. त्याने बोलावं अशी तिची अपेक्षा नसते. कंबर धरून तो परत येतो, तेव्हा ती कप पुढे करते.

परवाच्या रविवारी ऊन फार होतं. मैदानात सकाळपासून अकरा मावश्या येऊन गेल्या होत्या.

"कुणी थांबलं?" तिने विचारलं.

"एक जण."

"अर्धा तास?"

"बारा मिनिटं. पोराला उलटी होत होती म्हणून." त्याने चहाचा घोट घेतला आणि रस्त्याकडे बघितलं. ती गाडी हायवेला लागली होती. मागच्या काचेतून सामानावर टेकलेलं मुलाचं डोकं दिसत होतं. "सात जण होते," तो म्हणाला.

दोघं ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. खिंड तिथून पाऊण तासावर होती.